खोक्यावर ‘रीमास्टर्ड’, मग चित्र असं का?

प्रश्न थोडक्यात असा: वडिलांच्या पंच्याहत्तरीला त्यांच्या आवडत्या, दूरदर्शनच्या काळातल्या एका हिंदी मालिकेचा ‘संपूर्ण’ डीव्हीडी संच घेतला. खोक्यावर ‘डिजिटली रीमास्टर्ड’ असं छापलंय. प्रत्यक्षात चेहरे मेणाचे वाटतात, माणूस हलला की त्याच्या कडांना आडव्या रेघा फुटतात, डोकी वरून कापलेली आहेत, शीर्षकगीत अर्ध्यातच तुटतं आणि एका प्रसंगात रेडिओवर वाजणारं गाणं बदलून भलतंच काहीतरी घातलंय. वडील म्हणाले, “आपल्या जुन्या टीव्हीवर याहून बरं दिसायचं.” त्यांची आठवण फसवतेय की कंपनीनं फसवलं? माळ्यावर तेव्हा घरी रेकॉर्ड केलेल्या व्हीएचएस कॅसेट पडून आहेत. त्यांचा काही उपयोग आहे का?

उत्तर:

वडिलांचं बरोबर आहे. त्यांनी तेव्हा पाहिलेलं चित्र तुमच्या डिस्कवरच्या चित्रापेक्षा खरंच चांगलं असणार. तेव्हा निर्मात्याकडून आलेली पहिल्या-दुसऱ्या प्रतीची टेप प्रक्षेपणाला लागायची, ते चित्र सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून तुमच्या गच्चीतल्या अँटेनावर उतरायचं, आणि ज्या जातीच्या पडद्यासाठी ते बनवलं होतं त्याच पडद्यावर दिसायचं. आज तुमच्यापर्यंत पोचलेली प्रत तीन-चार हातांतून फिरून आलेली आहे, आणि पडद्याची जातही बदलली आहे.

मी पुण्यात नारायण पेठेत टेपवरून संगणकावर उतरवायचं काम करतो. यूमॅटिक आणि बेटाकॅम या व्यावसायिक टेप, घरगुती व्हीएचएस, जे येईल ते. मालिकेचं नाव तुम्ही कळवलंत, पण ते मी इथे घेत नाही. तुमचा संच मी पाहिलेला नाही, आणि तुमच्या पाचही तक्रारी बाजारातल्या कितीतरी संचांना जशाच्या तशा लागू पडतात. मात्र पाचांची कारणं वेगवेगळी आहेत. काही घरच्या घरी दुरुस्त होतील, काही कंपनीला करता आल्या असत्या, आणि एक-दोन कंपनीच्याही हातात नव्हत्या. हे वेगळं काढल्याशिवाय भांडणात अर्थ नाही.

आधी खोक्यावरच्या त्या शब्दाचं बघू. ‘रीमास्टर्ड’ म्हणायला कसलीच अट नाही. मूळ निगेटिव्ह शोधून एकेक फ्रेम स्कॅन करणाराही हाच शब्द छापतो आणि व्हीसीडीची फाइल डीव्हीडीवर टाकणाराही हाच. ग्राहकानं विचारायचं ते एवढंच: कशावरून उतरवलं? याचं उत्तर कळलं की बाकीचं सगळं आपोआप कळतं. ते खोक्यावर कधीच नसतं. चित्र नीट पाहिलं तर मात्र बरंचसं ओळखता येतं.

आपल्याकडच्या मालिका मुख्यतः दोन तऱ्हांनी चित्रित व्हायच्या, फिल्मवर किंवा व्हिडिओ टेपवर. फिल्मवर झालेली असेल आणि निगेटिव्ह वाचली असेल तर आजही तिच्यातून थक्क करणारं चित्र काढता येतं. टेपवर झाली असेल तर मात्र कमाल मर्यादा ठरलेली आहे. आपली पद्धत पाल, म्हणजे ६२५ रेघा, त्यातल्या दिसणाऱ्या ५७६. त्याहून जास्त माहिती टेपवर कधी नोंदलीच गेली नाही, त्यामुळे अशा मालिकेवर ‘एचडी’ लिहिलं असेल तर वरची भर संगणकानं घातलेली आहे. दोन्हींतला फरक ओळखायचा हालचालीवरून. टेपवरची हालचाल गुळगुळीत, डोळ्यांसमोर नाटक चाललंय अशी दिसते. फिल्मवरची किंचित तुटक असते आणि अधूनमधून धूळ किंवा ओरखडा चमकून जातो.

एक तिसरी भानगडही असते: चित्रण फिल्मवर, पण संकलन टेपवर. ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’ तशीच होती. ३५ मिमी फिल्मवर शूटिंग, पण जोडणी आणि विशेष दृश्यं सगळी टेपवर. त्यामुळे तिच्या डीव्हीडी मऊ, धूसर दिसायच्या आणि चाहते कुरकुरायचे. ब्लू-रेसाठी २०१२ पासून त्यांनी मूळ निगेटिव्ह बाहेर काढून सगळे भाग नव्यानं जोडले, दृश्यपरिणाम पुन्हा बांधले. मी ते शेजारी शेजारी लावून पाहिलंय. दोन वेगळ्या मालिका वाटतात. पण त्याला पैसा इतका लागला की त्याच घराण्यातल्या पुढच्या ‘डीप स्पेस नाइन’च्या वाट्याला तसं काम आलं नाही. एवढ्या मोठ्या बाजारपेठेत ही अवस्था, तर आपल्याकडच्या निर्मात्याकडून काय अपेक्षा ठेवायची ते तुम्हीच ठरवा.

आता प्रतींचं. तेव्हाच्या सगळ्या टेप ॲनालॉग. दर नकलेला चित्र थोडं खालावायचं. निर्मात्याची मूळ टेप, तिच्यावरून वाहिनीला दिलेली, तिच्यावरून पुनःप्रक्षेपणासाठी काढलेली, मग कधीतरी नव्वदच्या दशकात कॅसेट विकायला म्हणून व्हीएचएसवर उतरवलेली, आणि त्याच व्हीएचएसवरून व्हीसीडी. डिस्क काढायची वेळ येते तेव्हा कंपनीच्या हाताला यातली सगळ्यात सहज मिळणारी प्रत लागते, आणि ती बहुधा साखळीच्या शेवटची असते. मूळ यूमॅटिक टेप चालवायला चालू यंत्र हवं, ते चालवणारा माणूस हवा, आणि बाइंडर, म्हणजे टेपवरचा चुंबकीय थर धरून ठेवणारा डिंक, चिकट झाला असेल तर टेप आधी मंद आचेवर कित्येक तास ‘भाजावी’ लागते. हे खरंच करतात, साधारण ५०–५५ अंशांवर. एवढा खटाटोप कोण करतो?

व्हीएचएस मधे येऊन गेली असेल तर तिच्या खुणा राहतात. चित्राच्या अगदी तळाशी थरथरती पांढुरकी पट्टी दिसते का बघा. लाल साडीचा रंग काठाबाहेर उजवीकडे आणि खाली ओघळलेला दिसतो का बघा. व्हीएचएसची आडवी स्पष्टता जेमतेम २४० रेघांची, आणि रंगाची त्याहूनही कितीतरी कमी. व्हीसीडीवरून उचललेलं असेल तर आणखी वाईट: ३५२ बाय २८८ चित्रबिंदू, म्हणजे डीव्हीडीच्या पाव हिश्शाहूनही थोडं कमी. ते ताणून ७२० बाय ५७६ केलं की भिंतीवरच्या सावलीत चौकोन चौकोन तरंगताना दिसतात.

आता तुमच्या आडव्या रेघा. यावर जरा थांबतो, कारण निदानाची खरी किल्ली इथे आहे.

जुना व्हिडिओ कॅमेरा पूर्ण चित्र एकदम टिपत नसे. आधी एकाआड एक रेघा, मग सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्शानं उरलेल्या. प्रत्येक अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात, सेकंदाला ५० फील्ड. जुना काचेचा टीव्ही ती त्याच क्रमानं रंगवायचा, म्हणून हालचाल इतकी सलग दिसायची. आजचा चपटा टीव्ही एका वेळी अख्खं चित्र दाखवतो. त्याला दोन फील्ड जोडावी लागतात, आणि ती दोन वेगळ्या क्षणांची असल्यामुळे हलत्या हाताच्या कडेला कंगव्याचे दात येतात. डिस्क नीट बनवलेली असेल तर प्लेअर किंवा टीव्ही हे दात बऱ्यापैकी मिटवतो. त्यासाठी एकच अट: रेघांचा मूळ क्रम शाबूत हवा.

आता हे करून बघा. कुणीतरी हात झटकतोय अशा जागी चित्र थांबवा आणि टीव्हीजवळ जाऊन पाहा. दात एकेका रेघेचे, बारीक आणि नियमित असतील तर क्रम शाबूत आहे. प्लेअरच्या सेटिंगमध्ये प्रोग्रेसिव्ह चालू-बंद करून पाहा, किंवा संगणकावर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये डीइंटरलेस (फील्ड सुटी करून दाखवणं) चालू करून ‘याडिफ टू-एक्स’ निवडा. पन्नासच्या पन्नास फील्ड परत मिळतील आणि वडिलांना ओळखीची वाटेल अशी हालचाल दिसेल. दात जाडे, गोळे झालेले, दुहेरी सावल्यांचे असतील तर क्रम आधीच मोडलाय. कुणीतरी फील्ड वेगळी न करता चित्राची उंची बदललेली आहे. तुमच्या संचात डोकीही कापलेली आहेत, म्हणून माझा संशय इथेच जातो: आधी चित्र वरून-खालून कापलं, मग ताणून पडदाभर केलं, आणि या सगळ्यात रेघांची खिचडी झाली. ती परत वेगळी काढता येत नाही.

आणखी एक शक्यता आहे. भारतात निघालेल्या पुष्कळ डीव्हीडी परदेशातल्या भारतीयांना विकता याव्यात म्हणून एनटीएससी या अमेरिकेतल्या टीव्ही पद्धतीत काढल्या गेल्या. चित्रपटांचं त्यानं फारसं बिघडत नाही. पालमध्ये टेपवर चित्रित झालेल्या मालिकेचं मात्र बिघडतं. ५७६ रेघांच्या ४८० होतात आणि सेकंदाच्या ५० फील्डची ओढूनताणून ६० करावी लागतात. स्वस्तातलं रूपांतर शेजारची चित्रं एकमेकांत मिसळून हा हिशेब जुळवतं, म्हणून चालणाऱ्या माणसामागे त्याचंच भूत चालतं. डिस्कच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत पाल की एनटीएससी ते लिहिलेलं असतं. आपल्या दूरदर्शनच्या मालिकेवर एनटीएससी दिसलं की मी तरी आधी दोन डिस्क उसन्या आणून पाहतो, मगच संच घेतो.

कापलेल्या डोक्यांबद्दल तक्रार करण्याआधी टीव्हीचा रिमोट घ्या आणि पिक्चर साइझ ४:३ वर आणा, म्हणजे जुन्या टीव्हीच्या रुंदी-उंचीच्या प्रमाणावर. कधी कधी टीव्हीच झूम करत असतो आणि आपण कंपनीला शिव्या घालत असतो. चेहरे नुसते रुंद दिसत असतील, तर तेही तिथेच सुटतं. ४:३ वर आणूनही डोकी कापलेलीच राहिली तर काप डिस्कमध्येच आहे आणि ती गेलेली डोकी परत येत नाहीत. हिशेब सोपा आहे. ४:३ चं चित्र आजच्या रुंद टीव्हीच्या १६:९ मध्ये कापून बसवलं की उंचीचा पाव हिस्सा जातो. ५७६ रेघांतल्या उरतात ४३२, आणि त्याच पुन्हा ताणल्या जातात. आधीच अपुरं असलेलं चित्र आणखी अपुरं करायचं, कशासाठी? तर दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसले की गिऱ्हाईक म्हणतं ‘टीव्ही भरत नाही’. बाकीच्या दोषांना निदान गरिबीचं किंवा आळसाचं कारण आहे. हा दोष ठरवून केलेला आहे, आणि तो मी माफ करत नाही.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. ‘साइनफेल्ड’ २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर आली ती १६:९ मध्ये कापून. त्यातला एक भाग रस्त्यातल्या खड्ड्यावर आहे, आणि एका दृश्यात तो खड्डाच चौकटीबाहेर गेला. पुण्यात खड्डा चौकटीबाहेर ठेवायचा तर कॅमेरा आकाशाकडेच रोखावा लागेल, ते सोडा. ‘द सिम्पसन्स’चे जुने भाग २०१९ मध्ये डिस्ने प्लसवर असेच कापून आले, काही विनोद अक्षरशः दिसेनासे झाले. प्रेक्षकांनी इतका गिल्ला केला की २०२० च्या मे महिन्यात मूळ ४:३ चा पर्याय द्यावा लागला. ‘बॅबिलॉन ५’ची कथा त्याहून गुंतागुंतीची. अभिनयाची दृश्यं पुढे रुंद पडद्यावर दाखवता येतील अशा बेतानं टिपलेली, पण संगणकानं बनवलेली अंतराळातली दृश्यं ४:३ चीच. डीव्हीडी रुंद काढली, तेव्हा ती दृश्यं कापून मोठी करावी लागली. परिणामी त्या काळी ज्या दृश्यांचं सगळ्यात जास्त कौतुक झालं होतं, तीच डिस्कवर सगळ्यात भुरकट दिसू लागली. नंतरची सुधारित आवृत्ती मुकाट्यानं ४:३ मध्ये आली.

मेणाचे चेहरे. टेपवरच्या चित्रात खरखर असते, फिल्ममध्ये कण असतात. दोन्ही सतत बदलत असल्यामुळे डिस्कवर साठवायला खूप जागा खातात. आता जागेचा हिशेब बघा. एका साध्या डिस्कवर ४.७ जीबी मावतं. तेवीस मिनिटांचा भाग सेकंदाला ६ मेगाबिटनं साठवला तर साधारण १ जीबी लागतो, म्हणजे डिस्कवर चार भाग नीट बसतात. तुमच्या संचात एका डिस्कवर किती आहेत ते मोजा. बारा असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला सव्वादोन मेगाबिटच्या आसपास येतं. एवढ्यात खरखरीचं चित्र बसवलं तर चौकोन फुटतात. मग त्यावर उपाय म्हणून आधी खरखर पुसतात, आणि पुसणाऱ्या फिल्टरला खरखर आणि कातडीची छिद्रं यांत फरक कळत नाही. सुरकुत्या, खादीचा पोत, पावसाची झड, सगळं एकदम गुळगुळीत. नंतर चित्र फारच मऊ वाटतं म्हणून कडा धारदार करतात आणि प्रत्येक माणसाभोवती पांढरी रेघ उमटते. माझं मत विचाराल तर खरखर राहू द्यावी. वयस्कर नटाच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते खरखरीतूनही दिसतं. मेणातून दिसत नाही.

हल्ली याच्या पुढची पायरी आली आहे, कृत्रिम बुद्धिमत्तेनं चित्र ‘फोरके’ करण्याची. लांबून छान दिसतं. जवळून पाहिलं तर दातांची एकच पट्टी झालेली असते, मागे बसलेल्या माणसांचे डोळे तिरळे असतात आणि दुकानाच्या पाट्यांवरची देवनागरी कुठल्याच लिपीत बसत नाही. त्या प्रोग्रॅमला अक्षर वाचता येत नाही, तो अक्षरासारखं काहीतरी काढून ठेवतो. मूळची अस्पष्ट पाटी निदान खोटं बोलत नव्हती.

आवाजाबद्दल तुमची तक्रार नाही, पण परदेशी मालिकांचे पाल संच घेणाऱ्यांसाठी एक सांगून ठेवतो. सेकंदाला २४ चित्रांची फिल्म पालमध्ये २५ नं चालवतात, म्हणजे सगळं चार टक्क्यांनी पळतं. पन्नास मिनिटांचा भाग अठ्ठेचाळिसात संपतो आणि पट्टी जवळपास अर्ध्या स्वरानं चढते. सवाईला रात्र रात्र बसलेल्या कानाला ते शीर्षकसंगीत पहिल्या पाच सेकंदांत खटकतं, बाकीच्यांना वर्षानुवर्षं कळत नाही.

आता गाण्यांकडे येऊ. तुमची शेवटची तक्रार सगळ्यात जास्त दुखावणारी आहे आणि तीच कंपनीच्या सगळ्यात कमी हातातली आहे. मालिका बनली तेव्हा निर्मात्यानं किंवा वाहिनीनं ते सिनेमातलं गाणं वापरण्याची परवानगी घेतली असेल तर ती प्रसारणापुरती. घरी विकायच्या डिस्कचा विचार तेव्हाच्या करारांत असायचाच असं नाही. डिस्क काढायची तर गाण्याच्या ध्वनिमुद्रणाचा मालक, संगीतकार, गीतकार, सगळ्यांचे हक्क नव्यानं बघावे लागतात. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. २०१२ च्या दुरुस्तीनं त्यात एक कलम असं घातलं, की करार करताना जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हतं, त्याचे हक्क करारात स्पष्ट नाव घेतल्याशिवाय दिले असं धरता येत नाही. शिवाय गीतकार-संगीतकारांचा चित्रपटगृहाबाहेरच्या वापरावरचा मानधनाचा वाटा पक्का केला. कलावंतांच्या बाजूनं पाहिलं तर हे योग्यच झालं, मी त्याच्या बाजूचाच आहे. पण त्यामुळे दहा सेकंदांच्या गाण्यासाठी वकील दहा कागद मागतो, आणि कंपनी म्हणते, बदलून टाका गाणं.

या रोगाची सगळ्यात प्रसिद्ध केस अमेरिकेतली, ‘डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी’. १९७८ ते ८२ ची ही मालिका एका रेडिओ केंद्रावर घडते, म्हणजे गाणी वाजणं हाच तिचा श्वास. २००७ मध्ये पहिल्या सीझनची डीव्हीडी आली ती बहुतेक गाणी बदलून, आणि जिथे गाण्यावर संवाद होते तिथे संवादांनाही कात्री लावून. चाहते इतके उखडले की पुढचे सीझन तसे आलेच नाहीत. २०१४ मध्ये दुसऱ्या प्रकाशकानं बहुतेक मूळ गाण्यांचे हक्क मिळवून अख्खा संच काढला. ‘द वंडर इयर्स’ १९९३ मध्ये संपली आणि गाण्यांच्या हक्कांपायी तिचा पूर्ण संच यायला २०१४ उजाडलं. ‘ट्विन पीक्स’चा पहिला सीझन २००१ मध्ये डीव्हीडीवर आला तो चक्क पहिला, प्रस्तावनेचा भाग वगळून, कारण त्या एका भागाचे हक्क दुसऱ्याकडे होते. तो सगळ्यांबरोबर यायला २००७ साल लागलं. यातून तुमच्या कामाचं एवढंच: हक्कांमुळे झालेली काटछाट कायमची नसते. पुढच्या आवृत्तीत ती भरून निघू शकते, विचारणारे असतील तर.

अर्ध्यात तुटलेल्या शीर्षकगीताचं कारण बहुधा साधं असतं. तेव्हाच्या प्रायोजित मालिकांत शीर्षकांच्या आगेमागे, कधी शीर्षकांवरच प्रायोजकाचं नाव यायचं. आज ते दाखवायचं नाही म्हणून संकलक तेवढा तुकडा उडवतो आणि त्याबरोबर गाण्याचं एक कडवं जातं. काही ठिकाणी ‘मागील भागात’ आणि शेवटचं निवेदनही जादा समजून उडवतात. ‘हम लोग’मध्ये प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन बोलायचे. तेवढं काढलं तर कथा कुठेच तुटत नाही, पण ती मालिका ‘हम लोग’ राहील का, हे कुठल्याही साठीच्या माणसाला विचारा.

मग कंपनीनं मुद्दाम केलं का? कापलेली चौकट सोडली तर, नाही. जुन्या मालिकेचा खप थोडा, काम भागामागे इतके रुपये अशा ठेक्यावर दिलेलं, करणारा मुलगा मालिकेच्या शेवटच्या भागानंतर दहा वर्षांनी जन्मलेला. मूळ चित्र कसं दिसायचं हे त्याला सांगणारं कुणी नाही आणि तयार झालेले सगळे भाग बसून बघणारं तर मुळीच कुणी नाही. चित्रपटांसाठी आपल्याकडे, इथे लॉ कॉलेज रोडवर, १९६४ पासून राष्ट्रीय संग्रहालय आहे. मालिकांच्या टेप मात्र निर्मात्याच्या गोदामात नाहीतर वाहिनीच्या लायब्ररीत राहिल्या. टेप महाग, म्हणून जगभर त्या पुसून पुन्हा वापरल्या जायच्या. बीबीसीनं ‘डॉक्टर हू’चे साठच्या दशकातले कितीतरी भाग असेच पुसले. त्यांतले नऊ २०१३ मध्ये नायजेरियातल्या एका केंद्रावर सापडल्याचं जाहीर झालं. आणि जे अजून सापडलेले नाहीत त्यांचा आवाज तरी आपल्याकडे आहे, कारण तेव्हाच्या शाळकरी चाहत्यांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून तो नोंदवला होता.

म्हणून माळ्यावरच्या कॅसेट आधी खाली उतरवा. चित्र डिस्कपेक्षा सरस असेलच असं नाही. घर पाषाण-औंधकडे, टेकडीआड असेल तर प्रत्येक माणसामागे फिकट सावलीही दिसेल. पण त्यात पूर्ण चौकट आहे, पूर्ण शीर्षकगीत आहे, मूळ गाणं आहे, आणि हे तुमच्या संचात नाही. बहुतेक जाहिरातीही असतील. त्या कापू नका.

पुण्याच्या पावसाळ्यांनी कॅसेटना बुरशी लागलेली असते. खिडकीतून टेपच्या वेटोळ्यांच्या कडेवर पांढरट पूड दिसली तर ती कॅसेट कुठल्याही व्हीसीआरमध्ये घालू नका. टेप तुटेल, हेड बसेल आणि तीच बुरशी पुढच्या कॅसेटला लागेल. अशा कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवून साफ करणाऱ्याकडे द्या. बाकीच्या एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवून सैल करा. जगातला शेवटचा नवा व्हीसीआर २०१६ मध्ये बनला, तेव्हा यंत्र जपून वापरा.

उतरवून घेताना व्हीसीआर संगणकाला जोडायची, तपकीर गल्लीच्या बाजारातली स्वस्तातली यूएसबी काडी टाळा. ती मधली चित्रं गाळते आणि कंपनीनं केलेलंच पाप घरात करते. एस-व्हिडिओ (रंग आणि उजेड वेगवेगळे पाठवणारी जोडणी) निघणारा व्हीसीआर, मधे टाइम बेस करेक्टर (रेघांची थरथर सावरणारं यंत्र), ७२० बाय ५७६, फील्ड जशीच्या तशी, आणि काहीही न गमावणाऱ्या एफएफव्ही१ किंवा हफवाययूव्ही साच्यात फाइल, एवढं कुणाकडूनही मागा. तासाला पंचवीस ते पस्तीस जीबी लागेल. त्या फाइलवर कसलीही सफाई करू देऊ नका. बघायला हवी तर दुसरी छोटी प्रत काढा. आणि हे घरापुरतंच ठेवा, इंटरनेटवर चढवायचा हक्क तुमचा नाही.

कंपनीला लिहायचंच आहे, जरूर लिहा. पण ‘अत्यंत निराशा झाली’ असल्या पत्राला छापील उत्तर येतं. भाग क्रमांक, मिनिट, सेकंद आणि दोष असं लिहा: इथे चौकट कापली आहे, इथे फील्ड मिसळली आहेत, इथे शीर्षकं इतक्या सेकंदांनी कमी आहेत. सोबत तुमच्या कॅसेटमधलं तेच दृश्य फोटो काढून जोडा. मग तीन गोष्टी विचारा: कोणत्या टेपवरून उतरवलं, मूळ ४:३ प्रत हाताशी आहे का, आणि खोक्यावर ‘संपूर्ण’ कशाच्या आधारावर छापलं. मेणाबद्दल फार भांडू नका. कापलेल्या चौकटीबद्दल आणि ‘संपूर्ण’ या दाव्याबद्दल भांडा, कारण तिथे तुमची बाजू पक्की आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या दाव्यांची दखल आहे. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि त्यापुढे जिल्हा आयोग. खरेदीची पावती आणि खोकं दोन्ही जपून ठेवा, ‘संपूर्ण’ हा शब्द त्या खोक्यावरच छापलेला आहे.